उपक्रम क्रमांक अकरा

"सर, प्रयोगशाळा 'सुसज्ज' लिहू की 'अद्ययावत'?"

लोमटे सरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मिशी पुसली. "दोन्ही लिहा की, बाई. शब्दांना काय रेशनकार्ड लागतं?"

"पण सर, आत एक सांगाडा आहे. त्यालाही डावा हात नाही."

"उजवा आहे ना? मग झालं तर! अहो डोईफोडे बाई, दाखवायच्या मुलीचा फोटो काढताना आपण तिला हसायला सांगतो की नाही? माहितीपत्रक म्हणजे शाळेचा तसला फोटो. लिहा."

मी लिहिलं. सुसज्ज आणि अद्ययावत.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सावरटाकळीच्या जिल्हा परिषद प्रशालेत मराठीची बाई म्हणून लागून मला दीड वर्ष झालं होतं. परभणीत वाढलेली मी. घरातून रिक्षात आणि रिक्षातून घरात. डोईफोडे हे आडनाव ऐकून मुलं पहिल्या दिवशी घाबरली आणि दुसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकून निवांत झाली. लोमटे सर मुख्याध्यापक. देह भरदार, मन दिलदार, पण बसल्या जागेवरून उठायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. घंटेच्या दोरीपर्यंत जायचं असलं तरी ते आधी शिपायाला हाक मारून बघत.

त्या वर्षी गावात एक खाजगी शाळा निघाली. तिनं गुळगुळीत कागदावर रंगीत पत्रक छापलं, वर टाय लावलेली दोन गोरी मुलं. झालं, आमच्या आठवीची 'ब' तुकडी डळमळली. जूनअखेरीस विस्तार अधिकारी पट मोजायला येणार आणि आमची सहा मुलं कमी पडत होती. सहा मिळाली नाहीत तर तुकडी बंद, आणि शाळेतली सगळ्यांत नवी शिक्षिका 'अतिरिक्त'. म्हणजे मीच. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला फेकतील याचा नेम नसायचा.

"आपणही पत्रक काढू," सर म्हणाले. "शिकवणं कसं चालतं, उपक्रम कोणते, सगळं येऊ द्या. तुमची भाषा बरी आहे, आणि गरजही तुमचीच आहे."

शिकवण्याचं पान भराभर झालं. सकाळचे जादा तास खरे होते, गणिताच्या सरांची ख्याती खरी होती, दहावीचा निकालही खरा आणि चांगला होता. नवल म्हणजे एवढं खरं लिहायला मला चारच ओळी पुरल्या.

उपक्रमांसाठी मी तपासणीची फाइल काढली. आमच्याकडे रीतच होती ती. दरवर्षी फाइल नवी, यादी जुनी. जो शिक्षक नवीन असेल त्यानं मागच्या वर्षीची यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. मीही गेल्या वर्षी डोळे झाकून उतरवली होती. परिपाठ, शालेय मंत्रिमंडळ, खो-खो, लेझीम, निसर्गमंडळ, 'अंकुर' नावाचं हस्तलिखित असं करत करत यादी अकरापर्यंत जायची. अकराव्या क्रमांकावर एवढंच लिहिलेलं होतं: 'सोबत. मुलींसाठी.'

"सखाहरी मामा, हे 'सोबत' काय आहे हो?" मी आमच्या शिपायांना विचारलं.

"कुठंय?"

"फाइलीत."

"फाइलीत हाय म्हंजी असंल," मामा म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

सर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला होते. छापखान्यात मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. बरं, शब्द मला आवडला. मी डोकं चालवलं आणि त्या दोन शब्दांची ऐसपैस ओळ केली: 'दूरच्या वाड्या-तांड्यांवरील विद्यार्थिनींना शाळेच्या शिक्षिका स्वतः घरून आणतात व सायंकाळी सुरक्षित घरी पोचवतात.' लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचली. फार छान वाटली हो मला.

पत्रकं रविवारच्या बाजारात वाटायचं काम मामांकडे होतं. त्यांनी निम्मा गठ्ठा वाटला आणि उरलेला भज्यांच्या गाड्यावर ठेवून बैल बघायला गेले. परत येईपर्यंत गाडेवाल्यानं त्यात भजी बांधून संपवली होती. आमची सुसज्ज प्रयोगशाळा त्या दिवशी अख्ख्या बाजारानं तळलेल्या मिरचीसकट घरी नेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

मंगळवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात एक उंच माणूस उभा राहिला. लाल पागोटं, पांढरं धोतर, हातात तेलानं पारदर्शक झालेला आमचा कागद. मागं कडुनिंबाच्या सावलीत सहा मुली ओळीनं उभ्या.

"हेडमास्तर कोन?"

"मी. या, बसा."

"बसत न्हाई. आधी इचारतो. मी हरसिंग नाईक, पळसतांड्याचा." त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि माझी ती छान ओळ अडखळत पण अख्खी वाचली. "हे तुमचंच छापलेलं ना?"

सरांनी ती ओळ पहिल्यांदाच ऐकली असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशात परभणी शोधू लागले.

"आमच्या तांड्यावर शाळा सातवीपतुर," नाईक म्हणाले. "फुडं हितं यायचं तर साडेतीन किलोमीटर. मधी पळसाचं रान, नाला, आन नाल्यावर ते दारूचं दुकान. पोरींला एकटं कोन धाडंल? म्हनून सातवी झाली की पोरगी घरी, अन दोन वर्सांत सासरी. आता तुम्ही न्यायला येताव असं छापलंय, तर ह्या सहा आनल्यात. बाई येनार असतील तर नावं घाला. नसतील तर तसं सांगा, आम्ही आल्या पावली माघारी."

सहा! सरांचे डोळे त्या आकड्यावर लकाकले ते मी पाहिलं. माझेही लकाकले असतील.

"येणार म्हणजे काय, येणारच!" सर म्हणाले. "ह्याच बाई येणार. डोईफोडे बाई."

"उद्यापसून?"

"उद्यापासून."

ओळीतली पहिली मुलगी पुढं आली. लांब मानेची, दोन घट्ट वेण्या. "मी शेवंता, ह्यांची लेक. बाई, किती वाजता येताव? म्हंजी तयार ऱ्हाते."

"साडेआठला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ते लोक फाटकाबाहेर गेले आणि मी सरांवर तुटून पडले. "सर, साडेतीन किलोमीटर! जायचं, आणायचं, पोचवायचं, यायचं. चौदा किलोमीटर झाले रोजचे! मी माणूस आहे का टपालाची गाडी?"

"ओळ कुणी लिहिली?"

"फाइलीत होती!"

"फाइलीत दोन शब्द होते, बाई. पाय तुम्ही लावलेत त्याला." सर हसले, मग आवाज खाली आणला. "हे बघा, तीस तारखेला पट मोजला जाईल. तेवढे दिवस जा. एकदा साहेबांची सही झाली, तुमची तुकडी वाचली, की मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे तब्येत बरी नाही म्हणा, काहीही म्हणा. पोरींना वाटेची सवय होईल तोवर. नाही झाली तर…" सरांनी बशी उचलली. "आपण तरी काय करणार?"

मला पटलं नाही. पण मी गप्प बसले, कारण नोकरी माझी होती. हे लपवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी मी उंच टाचेच्या चपला घालून निघाले आणि नाल्यापर्यंत एक टाच मागं सोडली. दारूच्या दुकानासमोर चारजण बसले होते. त्यांतल्या एकानं शीळ घातली. मी छत्री अशी घट्ट धरली की दांडा वाकला. तांड्यावर पोचले तेव्हा सहाही मुली दप्तरं घेऊन तयार होत्या. शेवंतानं माझ्या पायांकडे पाहिलं, घरात गेली आणि बापाच्या जुन्या वहाणा घेऊन आली. त्या घालून मी शाळेत शिरले तेव्हा दहावीचा वर्ग खिडकीत गोळा झाला.

आणि ती शेवंता! पोरीनं माहितीपत्रक तोंडपाठ केलं होतं. वाटेत एकेक कलम वसूल करायची.

"बाई, निसर्गमंडळ कवा असतंय?"

निसर्गमंडळ फाइलीत असायचं. "आत्ता," मी दडपून दिलं. "चालता चालता. प्रत्येकीनं पाच झाडं ओळखायची."

त्यांनी नाल्यापर्यंत एकतीस ओळखली. मला त्यांतली चार येत होती. दुसऱ्या दिवशी तिनं हस्तलिखिताचं विचारलं. मग रोज एकीनं एक गोष्ट सांगायची, दुसरीनं मधल्या सुट्टीत ती लिहून काढायची असं ठरलं. 'अंकुर'ची सतरा पानं त्या वाटेवर जमली. शालेय मंत्रिमंडळ पळसाच्या रानात निवडून आलं. शेवंता मुख्यमंत्री, आणि सगळ्यांत धाकटी पाणीमंत्री, कारण बाटली तिच्याकडे असायची. संध्याकाळी मुलींना पोचवलं की मला परत आणायला सखाहरी मामा सायकल घेऊन तांड्याच्या तोंडाशी उभे असत. "पोरींला सोबत बाईंची, बाईंला सोबत माझी," ते म्हणायचे, "अन मला कोनाची?"

खोटं कशाला बोलू, मला त्या वाटेची गोडी लागली होती. आणि त्याच मापानं तीस तारखेची भीती वाटू लागली.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर, मुलींना पोचवून आले आणि मी जुन्या फाइलींचं कपाट उघडलं. ही 'सोबत' पहिल्यांदा कुणी चालवली ते मला बघायचं होतं. एखादी खमकी बाई असेल, तिचा पत्ता मिळाला तर जाऊन भेटू, असं मनात होतं. मागं मागं जात पंच्याऐंशी सालच्या फाइलीशी थांबले. त्याच्या आधीच्या फाइलीत उपक्रम दहाच होते. पंच्याऐंशीच्या यादीत अकरावी ओळ होती आणि अक्षर ओळखीचं होतं. असला शेपटीवाला 'स' मी रोज हजेरीपटावर सरांच्या अक्षरात बघत होते.

फाइल तशीच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"अरेच्चा," सर म्हणाले. "आहे का अजून ही?"

"सर, ही योजना तुमची?"

"योजना कसली, बाई! मी इथं नवा लागलो होतो, तुमच्यासारखाच. यादी करायचं काम माझ्याकडे. आपले उपक्रम दहा, आणि शेजारच्या गावच्या शाळेचे अकरा असल्याची खबर आली. साहेब दुसऱ्या दिवशी येणार. मग काय करता?"

"म्हणजे कुणीच कधी कुणाला आणायला गेलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही हो! साहेब आले, बोटानं अकरा मोजले, 'उपक्रम स्तुत्य' असा शेरा लिहिला आणि जेवायला बसले. पुढं दरवर्षी कुणीतरी उतरवत गेलं. चौदा वर्षं कपाटात सुखानं झोपली होती ती ओळ, तुम्ही तिला बाजारात नेलीत."

मला हसू आलं, सरांनाही आलं. त्या दिवशी ते प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

तीस तारखेला विस्तार अधिकारी आले, 'ब' तुकडीतली डोकी मोजली, सही केली आणि गेले. सरांनी पेढे मागवले. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "वाचलात, बाई. आता उद्यापासून पायांना विश्रांती."

पेढा तोंडात घालवेना. संध्याकाळी मी मुलींबरोबर निघाले ते ठरवूनच, की नाईकांना खरं सांगायचं. आजारपणाचं नाटक करून पोरींना दारात वाट बघत ठेवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

ऊन अजून उतरलं नव्हतं. नाईक अंगणात बाजेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: असला उपक्रम कधी नव्हताच, फाइलीत दोन शब्द होते, बाकी पदरचं मी घातलं, आणि मी आले ते माझी नोकरी वाचावी म्हणून. सांगताना मान वर करायची हिंमत झाली नाही.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. अठ्ठावीसेक वर्षांची एक बाई चहाचे पेले घेऊन उभी होती. नाईकांची बहीण, रुक्मा. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी येऊन राहिलेली. मी तिला रोज चुलीपुढं पाठमोरी बघितली होती.

"दादा, म्या म्हनलं हुतं का न्हाई?" ती म्हणाली.

"काय म्हणाला होतात?" मी विचारलं.

"भजी ह्येंनी खाल्ली, कागद म्या वाचला. म्हनलं, दादा, हे सपशेल खोटं हाय. त्या वाटंनं आजवर एक बाई आल्याली म्या बघितली न्हाई."

"मग तरी तुम्ही आलात?" मी नाईकांना म्हणाले.

"खोटं हाय ठावं हुतं म्हनूनच आलो," नाईक म्हणाले. "खरं असतं तर मागायला कामून यावं लागलं असतं? आजवर लई येळा इनंती केली, कोनी उभं केलं न्हाई. आता छापील कागद हाती हुता. अन एक पोरगी आनली असती तर तुम्ही टाळलं असतं. सहा बघून मास्तरचं तोंड असं खुललं, की म्या वळखलं, गरज ह्येंलाबी हाय."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. आम्ही पट भरायला त्यांना वापरलं असं मी आठ दिवस समजत होते, आणि इथं गाठ कुणाची कुणाशी पडली होती!

रुक्मानं माझ्या हातात पेला दिला. "तवा असा कागद मिळाला असता तर मीबी गेले असते," ती सहज बोलली. "सातवीला पयला नंबर हुता माझा. मंग शाळा उघडली त्या जूनमधी आठ दिस रोज दप्तर भरून दारात बसायचे. वाटायचं, कोनीतरी न्यायला येईल. नवव्या दिशी आईनं दप्तर काढून घेतलं अन त्यात मिरच्या भरल्या."

"कोणतं साल?" मी विचारलं.

"पंच्याऐंशी."

चहा गरम होता की गार, काही कळलं नाही. सखाहरी मामा लांबून घंटी वाजवत होते.

"मग बाई," नाईकांनी विचारलं, "उद्या?"

"येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलींना वर्गात सोडलं आणि थेट सरांच्या खोलीत गेले. सांगितलं ते अगदी थोडक्यात. पंच्याऐंशी साल, जून महिना, पळसतांडा, सातवीतली पहिली मुलगी.

"दप्तर भरून?" सरांनी विचारलं.

"आठ दिवस."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मामा चहा घेऊन आले तर त्यांना हातानंच नको म्हणून सांगितलं. दीड वर्षात मी पहिल्यांदा तो चहा परत जाताना पाहिला. दिवसभर सर खोलीबाहेर आले नाहीत.

पुढच्या सकाळी मी गावाच्या शिवेवर पोचले तर तिथं लोमटे सर उभे. पायात नवे कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री.

"सर? तुम्ही? इथं?"

"का? वाट काय तुमच्या नावावर आहे? चला."

नाल्यापर्यंत ते तीनदा थांबले. दारूच्या दुकानासमोर मात्र ताठ चालत गेले. बसलेल्या चौघांतले दोघे त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले. "काय रे, सकाळी सकाळी? इथं कसला जादा तास आहे?" सर एवढंच म्हणाले. दोघं मागच्या मागं पसार झाले, आणि शीळवाल्यानं टोपी काढून नमस्कार केला. तो त्या दिवसानंतर मला कधी तिथं दिसला नाही.

तांड्यावर सहा मुली तयार होत्या. नाईक लगबगीनं पुढं आले, बाज झटकली. सर बसले नाहीत. घामानं डबडबलेले, धापा टाकत ते तसेच दारापाशी गेले. आत रुक्मा भाकरी थापत होती.

"रुक्मा तूच का?"

"व्हय, मास्तर." ती पिठाच्या हातानं उठून उभी राहिली.

"मी लोमटे. प्रशालेचा." सरांनी छत्रीनं वाटेकडे दाखवलं. "चल. न्यायला आलोय."

रुक्माला काही उमजेना. ती माझ्याकडे पाहू लागली.

"मागच्या बाकावर बस, तास ऐक," सर म्हणाले. "दहावीला बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. तो मी भरतो."

"मास्तर, आता? माझं वय तरी बघा की!"

"तो फॉर्म वयाला भीत नाही. आणि ह्या पोरींना रोजची सोबत लागते. तू असलीस तर बाईंच्या चपला वाचतील."

रुक्मानं तव्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "दादा, भाकरी ऱ्हायल्यात अजून."

नाईक धोतर आवरत चुलीपुढं बसले. "मी टाकतो," ते म्हणाले. "जा तू."

"आत्या, चल की गं!" शेवंता ओरडली. "परिपाठ चुकंल!"

रुक्मानं परातीत हात धुतले आणि पदरानं डोळे पुसले. "मास्तर, जरा थांबताव का?" ती म्हणाली. "येनी घालून येते."

"घाल, घाल. सावकाश घाल," सर म्हणाले.

नाईकांनी पुन्हा बाज पुढं केली. सर बसले नाहीत. ती येईपर्यंत ते दारात उन्हात उभे होते.